दोघांचे गुरुजी वेगळे

दोन प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये आकडा पाठवणं सोपं असतं. पायथनमधून सात निघाला की रस्टमध्ये सातच पोचतो. स्ट्रिंग, लिस्ट, झालंच तर साधं फंक्शनसुद्धा पायओथ्री ही लायब्ररी बिनबोभाट पोचवते. त्यामुळे पायथनवाल्यांचं असिंक फंक्शन (म्हणजे मधेच थांबून इतर कामांना वाट देणारं) रस्टमध्ये घेऊन तिथून बोलवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मॅनेजर म्हणाला, "दोन्हीकडे अवेट आहेच की रे, जोडून टाक." आणि पुढच्या मीटिंगला गेलासुद्धा.

अवेट, म्हणजे 'उत्तर येईपर्यंत थांब' सांगणारा शब्द, आहे; नाही कोण म्हणतं? पायथनमध्ये २०१५ साली आला, रस्टमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरात. पायथनात तो आधी लिहितात, रस्टमध्ये शेवटी टिंब देऊन. एवढाच फरक असता तर मी संध्याकाळी घरी असतो.

रस्टमधून फंक्शन बोलावलं. काहीच झालं नाही. पायथनचं असिंक फंक्शन बोलावलं की ते चालत नाही, नुसती एक कोरूटीन, म्हणजे अजून सुरू न झालेलं काम, हातात ठेवतं. रस्टचं फ्यूचर, म्हणजे तिकडचं तसंच काम, तेही कोणी पोल केल्याशिवाय ('झालं का?' विचारल्याशिवाय) जागचं हलत नाही. म्हणजे दोघेही 'तू आधी'वाले. त्यातल्या त्यात पायथन निदान कुरकुरतं तरी: कोरूटीन वॉज नेव्हर अवेटेड.

बरं, कोरूटीनचं फ्यूचर करून देणारी सोय आहे. ती वापरली, तर उत्तर आलं: नो रनिंग इव्हेंट लूप. (इव्हेंट लूप म्हणजे पायथनची असिंक कामं पाळीपाळीने चालवणारा.) लूप तर डोळ्यांदेखत चालू होता! पण तो पायथनच्या थ्रेडवर (थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममधली कामाची वेगळी रांग), आणि माझा कोड चालला होता टोकिओच्या, म्हणजे रस्टची असिंक कामं चालवणाऱ्या लायब्ररीच्या, भलत्याच थ्रेडवर. एकाच मांडवात दोन पक्षांनी आपापले गुरुजी आणावेत आणि एकाने दुसऱ्याचा मुहूर्त मानू नये, असा प्रकार. उपाय असा, की पायथनच्या थ्रेडवर असतानाच त्याचा लूप कोणता ते टिपून घ्यायचं आणि पुढे टोकिओत जिथे जाऊ तिथे सोबत न्यायचं. हे कळल्यावर सोपं वाटतं. कळेपर्यंत चहा गार होतो.

मग रस्टचा कंपायलर मध्ये पडला. जीआयएलला, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणाऱ्या कुलपाला, बांधलेला पायथनचा ऑब्जेक्ट अवेटच्या पलीकडे न्यायचा नाही, कारण पलीकडे गेल्यावर थ्रेड बदललेला असू शकतो. एरर स्क्रीनभर लांब, पण बरोबर. या कंपायलरचं हेच वैतागवाणं आहे, त्याच्याशी भांडताही येत नाही.

आणि शेवटी सगळं कंपाइल होऊन प्रोग्रॅम गप्प बसला. एरर नाही, लॉग नाही, सीपीयू शून्य. लॅपटॉपचा पंखासुद्धा थांबला. असल्या शांततेपेक्षा क्रॅश परवडतो, त्यात निदान ओळ क्रमांक तरी मिळतो. पाय-स्पाय या चालू पायथन तपासायच्या साधनाने बाहेरून डोकावून पाहिलं: रस्टचा थ्रेड जीआयएल मुठीत धरून पायथनच्या उत्तराची वाट बघतोय, आणि पायथनच्या लूपला उत्तर द्यायला तोच जीआयएल हवाय. थांबायच्या आधी जीआयएल सोडायचा, एवढंच करायचं होतं. (पायथन ३.१३ पासून जीआयएल नसलेलं बिल्डही मिळतं. आमच्या सर्व्हरवर कुठलं पायथन आहे ते विचारू नका.)

एवढं झाल्यावर टेस्टिंगवाल्या ताईंनी विचारलं, "मधेच रद्द केलं तर?" रस्टमध्ये रद्द करणं म्हणजे फ्यूचर टाकून देणं; पुढच्या ओळी चालतच नाहीत, बोंबही होत नाही. पायथनमध्ये कॅन्सल्डएरर नावाचा एरर आत फेकला जातो, फायनलीतली आवराआवर चालते, आणि एखादा बहाद्दर तो एरर पकडून गिळूनही टाकतो. म्हणजे इकडे काम संपलंय आणि तिकडे निवांत चालू आहे. टाइमआउट पायथनच्या बाजूलाच ठेवायचा असं ठरवलं, आणि का, ते कोडमध्ये लांबलचक कॉमेंट लिहून समजावलं.

पुल रिक्वेस्टवर, म्हणजे तपासायला पाठवलेल्या कोडवर, दोन दिवसांनी एकच शेरा आला. फंक्शनचं नाव जरा छोटं करता येईल का?