बेळगावचं दत्तक महाराष्ट्रात चालतं, नोटरीच्या बॉण्डवरचं बाळ कुठंच चालत नाही

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीहून नणंदेनं एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "वैनी, हे खरं काय ओ? खरं असंल तर आम्ही असंच करतो." लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही, दवाखाने करून दोघंही थकलेत. अशा माणसांच्या हातात हा मेसेज पडतो म्हणून राग येतो. आमच्याकडच्या सगळ्या ग्रुपवर तो फिरतोय, म्हणून इथं उत्तर देते.

मेसेजात म्हटलंय ते असं. कर्नाटकाचा दत्तक कायदा वेगळा आहे, म्हणून इथलं दत्तक महाराष्ट्रात चालत नाही. सरकारी नोंदणीत वर्षं जातात, त्यापेक्षा ओळखीच्या दवाखान्यातून बाळ घ्या, बॉण्डवर नोटरी करा, झालं कायदेशीर. जन्मदाते मूल कधीही परत नेऊ शकतात. एकट्या बाईला आणि मुसलमान-ख्रिश्चनांना दत्तक घेता येत नाही. दत्तक मुलीला शेतात वाटा नाही.

बॉण्डचा मुद्दा आधी घेते, कारण त्यापायी माणसं जेलात जातील. मेसेजाला बॉण्डचा नमुना जोडलाय. मी तो मोठा करून नीट वाचला. घेणाऱ्या नवरा-बायकोची नावं, आधार नंबर, सह्यांची जागा, खाली नोटरीचा गोल शिक्का, सगळं आहे. देणाऱ्या आईच्या नावापुढं मात्र नुसती टिंबं. बाळाची जन्मतारीखही कोरी. शेवटी एक ओळ, 'जन्मदाखला घेणाऱ्यांच्या नावानेच निघेल.' म्हणजे जिनं बाळ जन्माला घातलं तिचा कागदावर मागमूस नाही, आणि न बाळंत झालेल्या बाईच्या नावानं दाखला. हा सरळ खोटा दाखला आहे. ह्याला दत्तक कोण म्हणेल?

हिंदूंमध्ये दत्तक द्यायचा-घ्यायचा कायदा आहे, 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. त्याचं कलम 9 सांगतं की मूल द्यायचा अधिकार आईबापांनाच, आणि तोही एकमेकांच्या संमतीनं. आईबाप हयात नसतील, त्यांनी मूल टाकलं असेल किंवा ते कोण हेच ठाऊक नसेल, तर पालक देऊ शकतो, पण आधी कोर्टाची परवानगी लागते. नर्स, डॉक्टर, मधला माणूस यांना कसलाच अधिकार नाही. कलम 17 प्रमाणे दत्तकासाठी पैसे देणं-घेणं गुन्हा आहे. आणि सरकारमार्फत दत्तक ज्यानं होतं तो बालन्याय कायदा, 2015, त्याचं कलम 81: मूल विकणारा आणि विकत घेणारा, दोघांनाही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. हेच दवाखान्यातल्या किंवा प्रसूतिगृहातल्या माणसानं केलं, तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. नोटरी सह्या कुणी केल्या एवढंच बघतो. त्याच्या शिक्क्यानं गुन्ह्याचं दत्तक होत नाही. उद्या कुणी तक्रार केली की बाळ बालकल्याण समितीच्या ताब्यात जाणार. वर्षभर छातीशी धरलेलं लेकरू शिशुगृहात सोडून यायचं, ही वेळ नणंदेवर येऊ नये एवढ्यासाठी मी हे लिहितेय.

आता 'कर्नाटकाचा कायदा वेगळा'. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. मुद्रांक शुल्क राज्याराज्यात वेगळं असतं. इथले कागद कन्नडमध्ये निघतात आणि पलीकडं दाखवताना भाषांतर जोडावं लागतं, हा मनस्ताप सीमाभागातल्या प्रत्येक घरानं भोगलाय. पूर्वी प्रांताप्रांतात रीतही वेगळी होती. मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्यानं आधी परवानगी दिलेली नसली तरी दत्तक घेता यायचं, मद्रासकडं नवऱ्याची नाहीतर भाऊबंदांची संमती लागायची. आपल्या आज्या-पणज्यांनी ते पाहिलंय. पण बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं 1 नोव्हेंबर 1956 ला आणि दत्तकाचा नवा कायदा लागू झाला 21 डिसेंबर 1956 ला. तेव्हापासून निपाणीला आणि पलीकडं महाराष्ट्रातल्या कागलला एकच कायदा. दत्तक हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे आणि वर सांगितलेले दोन्ही कायदे संसदेनं केलेत. राहिला 'महाराष्ट्रात चालत नाही' हा भाग. घटनेचं कलम 261 वाचा. कोणत्याही राज्यातले सार्वजनिक दस्तऐवज आणि न्यायालयीन कामकाज यांना भारतभर पूर्ण मान्यता द्यायची असं तिथं लिहिलंय. दत्तक नामंजूर करून संस्थान गिळायचा डाव कंपनी सरकारनं याच जिल्ह्यात, कित्तूरला, 1824 मध्ये खेळला होता. आज तो अधिकार कुणाही सरकारला नाही.

बाकीचं थोडक्यात. दत्तक झाल्यावर जन्मदाते मूल परत नेऊ शकत नाहीत. हिंदू दत्तक कायद्याच्या कलम 15 प्रमाणे रीतसर झालेलं दत्तक घेणाऱ्या आईबापांनाही मोडता येत नाही आणि मुलालाही. एकट्या बाईला दत्तक घेता येतं, मुलगा किंवा मुलगी. एकट्या पुरुषाला बालन्याय कायद्याखाली मुलगी मिळत नाही, इतकंच. मुसलमान-ख्रिश्चनांनाही बालन्याय कायद्यानं घेता येतं, सुप्रीम कोर्टानं 2014 च्या शबनम हाश्मी प्रकरणात ते स्पष्ट केलंय. दत्तक मुलीचा हक्क पोटच्या मुलीइतकाच. मात्र दत्तक घेतल्यानं आईबापांचा मृत्युपत्राचा अधिकार जात नाही, आणि आधीच दुसऱ्याच्या नावावर गेलेली जमीन दत्तक मूल काढून घेऊ शकत नाही. त्यावरूनच हा गैरसमज पसरला असणार.

रांग लांब आहे, ती मी नाकारत नाही, आणि वाट बघून माणूस खचतो हेही घरात बघतेय. पण नोंदणी 'कारा'च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या, पोर्टलवर घरबसल्या होते. मग समाजकार्यकर्ती घरी येऊन चौकशी करते. मूल महाराष्ट्रातल्या संस्थेतलंही असू शकतं. दत्तकाचा आदेश 1 सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकारी देतात, आधी कोर्ट द्यायचं. वय वाढलं की लहान बाळ मिळणं अवघड होतं: दोन वर्षांखालच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 च्या वर चालत नाही. म्हणून नोंदणी याच आठवड्यात करा.

आणि कुणा पोरीला बाळ सांभाळणं शक्य नसेल, तर तिला दलालाकडं नेऊ नका. 1098 ह्या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन करा. ती बालकल्याण समितीपुढं बाळ सोपवू शकते, तिचं नाव गुप्त राहतं, आणि मन बदललं तर दोन महिन्यांच्या आत ती बाळ परत घेऊ शकते. नमुन्यातल्या टिंबांच्या जागी जिचं नाव असायला हवं होतं, तिच्यासाठी कायद्यानं ही सोय केलेली आहे.