विश्व होलोग्राम आहे, म्हणून आजारही भ्रम आहे? एका फॉरवर्डची तपासणी

गेली कित्येक वर्षं एक लांबलचक मजकूर मराठीत फिरतो आहे. कधी व्हॉट्सअ‍ॅपवर, तर कधी यूट्यूबवर मागे तानपुरा लावून, धीरगंभीर आवाजात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विश्व हा होलोग्राम (सपाट काचेवर साठवलेलं त्रिमितीय चित्र) आहे हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. १९८२ साली पॅरिसमध्ये अलँ आस्पे यांनी ते प्रयोगाने दाखवलं. होलोग्रामच्या प्रत्येक तुकड्यात पूर्ण चित्र असतं, तसंच ‘पिंडी ते ब्रह्मांडी’. मेंदूही होलोग्रामच. पाहणारा नसेल तर वास्तवही नाही, आपल्या ऋषींनी यालाच माया म्हटलं. आणि म्हणून, विचार बदलला की आजार बदलतो. ही शेवटची पायरी बहुधा सशुल्क असते.

यातलं सगळंच खोटं असतं तर काम सोपं होतं. पण माणसं खरी आहेत, सालं बरीचशी बरोबर आहेत, काही कामाला तर नोबेल मिळालेलं आहे. गडबड आहे ती एका वाक्यावरून पुढच्या वाक्यावर मारलेल्या उड्यांमध्ये.

“विश्व होलोग्राम आहे हे भौतिकशास्त्राने सिद्ध केलं.”

या दाव्यामागे खरोखरच एक विलक्षण कल्पना आहे, म्हणून इथे जरा थांबू. सुरुवात कृष्णविवरांपासून झाली. १९७२ च्या सुमारास जेकब बेकेनस्टाइन या तरुण संशोधकाने मांडलं की कृष्णविवराला एंट्रॉपी (आतली रचना किती वेगवेगळ्या प्रकारे असू शकते, म्हणजेच किती माहिती दडली आहे, याचं माप) असते आणि ती त्याच्या क्षितिजाच्या, म्हणजे जिथून काहीच परत येऊ शकत नाही त्या सीमेच्या, क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. १९७४ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी कृष्णविवरं प्रारण सोडतात हे गणिताने दाखवलं आणि ते प्रमाणही पक्कं झालं. हे चमत्कारिक का? एरवी एखाद्या वस्तूची एंट्रॉपी तिच्या घनफळाबरोबर वाढते. डबा दुप्पट मोठा घेतला की आतल्या वायूची एंट्रॉपीही दुप्पट. कृष्णविवरात मात्र हिशेब आतल्या जागेचा नसून पृष्ठभागाचा निघाला: एका चौरस सेंटिमीटरला साधारण १० चा ६५ वा घात इतके बिट, म्हणजे माहितीची सगळ्यात लहान एककं. १९९३ मध्ये जेरार्ड ट हूफ्ट आणि १९९५ मध्ये लेनर्ड ससकिंड यांनी हे व्यापक केलं. अवकाशाच्या कुठल्याही भागात किती माहिती मावू शकते याची मर्यादा त्या भागाची सीमा ठरवते, असं ते तत्त्व. सपाट काचेवर त्रिमितीय चित्र साठवता येतं, त्यावरून त्याला होलोग्राफिक हे नाव पडलं.

१९९७ मध्ये हुआन मालदासेना यांनी याचं एक नेमकं उदाहरण दिलं. एका बाजूला गुरुत्वाकर्षण असलेलं एक विश्व, दुसऱ्या बाजूला त्याच्या सीमेवर राहणारा, गुरुत्वाकर्षण नसलेला एक क्वांटम सिद्धांत, आणि दोन्ही एकच गोष्ट सांगतात. याची गणिती सिद्धता अजून झालेली नाही, पण असंख्य आकडेमोडींत ते तावूनसुलाखून निघालं आहे. फक्त ते विश्व आपलं नव्हे. मालदासेना यांच्या विश्वातला वैश्विक स्थिरांक (रिकाम्या अवकाशाचा प्रसरणाकडे किती कल आहे हे सांगणारी संख्या) ऋण आहे, त्यामुळे त्याला एक प्रकारची कड असते. आपल्या विश्वाचं प्रसरण वेगाने वाढतंय हे १९९८ मध्ये सुपरनोव्हांच्या निरीक्षणांतून कळलं, म्हणजे आपल्याकडे तो स्थिरांक धन आहे आणि तशी कड नाही. आपल्यासारख्या विश्वाला हे तत्त्व कसं लागू करायचं, यावर आज काम सुरू आहे. ‘सिद्ध झालं’ हे शब्द इथे बसत नाहीत.

समजा, उद्या ते लागू झालं. तरीही ‘म्हणून जग भ्रम’ हे त्यातून निघत नाही. वहीवर कंपासने पाच सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा किंवा क्ष² + य² = २५ असं लिहा. दोन्ही वर्णनं पूर्ण आहेत. समीकरण लिहिता आलं म्हणून वर्तुळ खोटं ठरत नाही. सीमेवरचं वर्णन आणि आतलं वर्णन यांचं नातं असंच आहे, त्यातलं एक खरं आणि दुसरं त्याची सावली असं मालदासेना यांच्या गणितात कुठेही नाही.

उलट या कल्पनेचा सगळ्यात मोठा परिणाम नियम अधिक कडक होण्यात झाला. कृष्णविवरात पडलेली माहिती कायमची नष्ट होते, असं हॉकिंग यांचं म्हणणं होतं आणि त्यावर त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ जॉन प्रेस्किल यांच्याशी पैज लावली होती. २००४ मध्ये डब्लिनच्या परिषदेत त्यांनी हार मान्य केली आणि ठरल्याप्रमाणे प्रेस्किल यांना बेसबॉलचा एक जाडजूड कोश दिला. विश्वाच्या हिशेबवहीतून काही पुसलं जात नाही या मताकडे पारडं झुकलं, ते मुख्यतः होलोग्राफिक कामामुळे. मनात आणलं की वास्तव वाकतं, याच्या हे अगदी उलट टोक आहे.

हे सगळं दूर कुठेतरी चालतं असंही नाही. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत शिराझ मिनवाला आणि सहकाऱ्यांनी २००८ च्या सुमारास दाखवलं की अशा विश्वातली आइन्स्टाइनची समीकरणं विशिष्ट परिस्थितीत द्रवाच्या प्रवाहाच्या समीकरणांत उतरतात. कोल्हापूरकडचे अतीश दाभोलकर यांनी कृष्णविवरांची एंट्रॉपी क्वांटम पातळीवर नेमकी मोजण्यात नाव कमावलं आणि २०१९ मध्ये ते इटलीतल्या ट्रिएस्टच्या आयसीटीपी या आंतरराष्ट्रीय सैद्धान्तिक भौतिकी केंद्राचे संचालक झाले. या मंडळींसाठी होलोग्राफी हे गणिताचं हत्यार आहे. त्या समीकरणांत ‘चेतना’ नावाचं चल येत नाही.

आता प्रयोग. शिकागोजवळच्या फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत क्रेग होगन यांच्या कल्पनेवरून होलोमीटर नावाचं उपकरण उभारलं गेलं, सुमारे ४० मीटर लांब भुजांचे दोन लेसर इंटरफेरोमीटर, म्हणजे प्रकाशकिरणांच्या मेळावरून अंतरातला अतिसूक्ष्म फरक टिपणारी यंत्रं. अवकाशात सूक्ष्म ‘होलोग्राफिक थरथर’ असेल तर ती त्यात दिसायला हवी होती. २०१५ मध्ये निकाल आला: त्यांनी शोधलेली थरथर सापडली नाही. (होलोग्राफिक तत्त्वातून अशी थरथर निघतच नाही, असं ससकिंड यांच्यासारख्यांचं आधीपासून म्हणणं होतं. म्हणजे या निकालाने तत्त्व पडलं असंही कुणी समजू नये.) २०१७ मध्ये ‘विश्व होलोग्राम असल्याचा भक्कम पुरावा’ असे मथळे जगभर झळकले. त्या शोधनिबंधात होतं ते एवढंच: अतिप्रारंभीच्या विश्वाचं एक होलोग्राफिक प्रारूप विश्वाच्या आरंभीच्या प्रकाशाचे अवशेष मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोजमापांशी, आकाशातल्या मोठ्या कोनांची निरीक्षणं वगळली तर, रूढ प्रारूपाइतकंच जुळतं. इतकंच जुळणं म्हणजे स्पर्धेत टिकणं. ते जिंकणं नव्हे, आणि तुमच्या-माझ्या मनाशी तर त्याचा काहीच संबंध नाही.

“१९८२ मध्ये आस्पेने ते प्रयोगात पाहिलं.”

आस्पे यांनी पॅरिसजवळच्या ओर्सेच्या प्रयोगशाळेत कॅल्शियमच्या अणूंमधून निघणाऱ्या फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्या तपासल्या. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये एक गणिती अट घालून दिली होती: फोटॉन आपली उत्तरं आधीच ठरवून निघाले असतील आणि एकमेकांवर दुरून परिणाम करत नसतील, तर त्यांच्या मोजमापांतला मेळ एका मर्यादेपलीकडे जाणार नाही. तो गेला. २०२२ च्या नोबेलमध्ये आस्पे यांचा वाटा याच कामासाठी. पण या मार्गाने प्रकाशापेक्षा वेगाने निरोप पाठवता येत नाही, आणि प्रयोगाचा होलोग्रामशी संबंध नाही. तो जोडला गेला भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांच्या नावाने. जे. कृष्णमूर्तींशी झालेल्या संवादांमुळे आपल्याकडे बोम परिचित आहेत. सगळं एकमेकांत गुंडाळलेलं आहे ही कल्पना समजावण्यासाठी त्यांनी होलोग्रामची उपमा घेतली, आणि होलोग्राम स्थिर असतो म्हणून ती अपुरी पडते हेही स्वतःच सांगितलं. गंमत म्हणजे बोम यांच्या १९५२ च्या सिद्धांतात कणांना कुणी पाहो न पाहो, ठाम जागा असते. ‘पाहणाऱ्याशिवाय वास्तव नाही’ या दाव्यासाठी साक्षीदार म्हणून बोलावायला हा माणूस अगदीच चुकीचा.

“तुकड्यात पूर्ण चित्र असतं.”

डेनिस गाबोर यांनी १९४७ मध्ये इंग्लंडमधल्या रग्बी इथे होलोग्राफीची कल्पना काढली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्यासाठी. लेसर आल्यावर, १९६२ च्या सुमारास, ती खऱ्या अर्थाने फळाला आली. त्या पद्धतीची काच फोडली तर तुकड्यातून वस्तू दिसते हे खरं. पण कमी रेखीव दिसते, आणि फक्त तेवढ्याच कोनातून. दुसऱ्या कोपऱ्यातून दिसणारी बाजू त्या तुकड्यात नसते. चित्र पृष्ठभागालगतच उमटवलेल्या होलोग्रामचा कोपरा कापलात तर हातात फक्त कोपरा येतो.

ज्या भौतिकशास्त्राचा हवाला दिला जातो त्यात तर हे आणखीच कोसळतं. मालदासेना यांच्या विश्वात सीमेचा एखादा छोटा भाग घेतला तर त्यावरून आतला सगळा पसारा कळत नाही. त्या भागाला लागून असलेला आतला एक ठरावीक प्रदेशच उभा करता येतो. तो कुठवर जातो हे २००६ मध्ये शिनसेई र्यू आणि तादाशी ताकायानागी यांनी दिलेल्या सूत्राच्या आधाराने पुढे ठरवता आलं. म्हणजे ‘कणात ब्रह्मांड’ हे होलोग्राफिक तत्त्व सांगतच नाही.

“मेंदू होलोग्राम आहे.”

मेंदूचे अभ्यासक कार्ल लॅश्ली यांनी उंदरांच्या मेंदूच्या सालीचे वेगवेगळे भाग काढून पाहिले. उंदीर चक्रव्यूह पूर्णपणे विसरेनात. स्मृती एका जागी सापडत नाही, असं त्यांनी १९५० मध्ये लिहिलं. त्यांच्याबरोबर काम केलेले कार्ल प्रिब्रम यांनी पुढे होलोग्रामची उपमा सुचवली. त्या काळासाठी ती हुशार कल्पना होती आणि दृष्टीच्या केंद्रातल्या काही पेशी समोरचे पट्टे किती दाट आहेत त्यानुसार प्रतिसाद देतात, हा त्यातला भाग टिकलाही. पण चक्रव्यूह शिकताना उंदीर डोळे, नाक, मिशा, पाय सगळंच वापरतो. एक वाट बंद झाली की दुसरी असते. विखुरलेलं असणं आणि प्रत्येक कणात सगळं असणं यांत बराच फरक आहे. १९५३ मध्ये फेफऱ्यावर उपाय म्हणून एच. एम. या रुग्णाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस या आतल्या भागाचा मोठा हिस्सा काढला गेला. त्याची बुद्धी शाबूत, बालपण आठवणीत, पण नवी घटना मनात टिकेना. मेंदूच्या प्रत्येक तुकड्यात सगळं असतं तर उरलेल्या मेंदूने हे काम थोडं अंधूक का होईना चालवलं असतं. २०१२ मध्ये सुसुमु तोनेगावा यांच्या गटाने उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या नेमक्या पेशी प्रकाशाने चेतवून एक विशिष्ट भीतीची आठवण जागी केली. स्मृतीला पत्ता असतो. तो गुंतागुंतीचा असतो, एवढंच.

“पाहणाऱ्याशिवाय वास्तव नाही.”

क्वांटम सिद्धांतातलं निरीक्षण म्हणजे डोळे वटारून पाहणं नव्हे. व्हिएन्नातल्या गटाने २००४ मध्ये सत्तर कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवत नेले आणि त्यांचं तरंगासारखं वागणं हळूहळू नाहीसं झालं. कुणी टक लावून बसलं नव्हतं. तापलेले रेणू स्वतःच प्रकाश सोडत होते, आणि त्यातून त्यांच्या मार्गाचा पत्ता आसपासच्या जगाला लागत होता. तेवढं पुरलं.

“ऋषींनी यालाच माया म्हटलं.”

इथे मला खरा राग येतो, कारण हा दावा विज्ञानापेक्षा वेदान्तावर जास्त अन्याय करतो. बाह्य वस्तू नाहीतच, सगळं मनातलं आहे, हे मत शंकराचार्यांच्या समोर होतं, विज्ञानवादी बौद्धांचं. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या दुसऱ्या पादात ‘नाभाव उपलब्धेः’ या सूत्रावरच्या भाष्यात त्यांनी ते खोडून काढलं. खांब, भिंत, घट, पट हे बाहेर दिसतात. पोटभर जेवून तृप्त होत असलेला माणूस ‘मी जेवत नाही, तृप्तही होत नाही’ म्हणाला तर कोण ऐकेल, असा त्यांचा सवाल आहे. लगेच पुढचं सूत्र: ‘वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्’. जागेपण स्वप्नासारखं नाही, दोघांत फरक आहे. जग अंतिम सत्य नाही असं आचार्य म्हणतात हे खरं, पण व्यवहारात ते मनाच्या लहरीवर चालतं असं ते कुठेही म्हणत नाहीत.

आणि मराठी माणसाने तर ज्ञानेश्वरांना विसरून चालणार नाही. ‘अमृतानुभवा’त अज्ञानखंडनाचं प्रकरण सगळ्यात मोठं आहे. ज्या अज्ञानामुळे जग भासतं असं म्हणतात ते अज्ञानच तिथे उभं राहू दिलेलं नाही. जग हा चैतन्याचा विलास आहे, ही त्यांची भूमिका. तिच्याशी सहमत व्हा किंवा होऊ नका, पण तिला लेसर आणि काचेची साक्ष लागत नाही.

“विचार बदला, आजार बदलेल.”

मनाचा शरीरावर परिणाम होतो. वेदना, झोप, रक्तदाब यांवर तो दिसतोही. दावा मात्र याच्या कैक मैल पुढचा आहे, आणि त्यापायी औषधं बंद केली जातात.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन हा चौदा वर्षांचा मुलगा मधुमेहाने मरणाच्या दारात होता. ११ तारखेला त्याला स्वादुपिंडाच्या अर्काचं, म्हणजे इन्सुलिनचं, इंजेक्शन दिलं. साखर किंचित उतरली, टोचल्या जागी गळू झालं, उपचार थांबवले. २३ तारखेला पुन्हा इंजेक्शन दिलं आणि या वेळी साखर धडाधड खाली आली. मुलगा तोच होता, आजार तोच, डॉक्टरांची आणि घरच्यांची आशाही तीच. मधल्या बारा दिवसांत जेम्स कॉलिप यांनी अर्क जास्त शुद्ध केला होता.