सेवेचा हिस्सा कुणी लिहायचा?

पुण्यात सध्या कुठल्याही जुन्या सोसायटीत पुनर्विकासाची बैठक भरली की बोलणं फिरून वारसांवर येतं. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवण्यातले मूळ सभासद आता ऐंशीच्या घरात पोचलेत, काही राहिलेले नाहीत. मुलं न्यू जर्सीत, सिडनीत, म्युनिकमध्ये. मूळ सभासद गेलेला असेल तर बिल्डरला सगळ्या वारसांच्या सह्या हव्या असतात. मग वाद निघतो: जी मुलं कायमची तिकडे गेली, त्यांनी इथल्या फ्लॅटमध्ये हिस्सा मागावा का?

एक बाजू म्हणते, ज्यानं केलं त्याला मिळावं. दुसरी म्हणते, पोटची लेकरं सारखीच, कायदाही तेच सांगतो. मी गेली बरीच वर्षं जर्मनीत राहते. आई-बाबांजवळ पुण्यात दादा-वहिनी आहेत. म्हणजे या वादात मी 'तिकडे गेलेली'. तरी मला पहिली बाजू पटते. मात्र ज्यानं केलं त्याला मिळावं असं वाटत असेल तर ते वारसांनी मागून भांडत ठरवायचं नसतं, आई-वडिलांनी हयातीत लिहून ठेवायचं असतं.

कारण आपला कायदा सेवा मोजत नाही. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई, सगळ्यांना समान वाटा. दहा वर्षं रात्री उठून औषधं देणारा आणि दिवाळीला व्हिडिओ कॉल करणारा, दोघं एकाच ओळीत.

जर्मनीत याचा विचार कायद्यानंच केला आहे. तिथल्या दिवाणी संहितेच्या कलम 2057-अ प्रमाणे, मृत्युपत्र नसताना वाटणी होते तेव्हा, आई-वडिलांची दीर्घकाळ शुश्रूषा केलेलं अपत्य इतर भावंडांकडून त्याची भरपाई मागू शकतं. 2010 पूर्वी त्यासाठी स्वतःच्या कमाईवर पाणी सोडल्याचं दाखवावं लागे, ती अट आता नाही. दुसरीकडे तिथं आई-वडिलांना एखाद्या मुलाला सहसा पूर्ण बेदखल करता येत नाही. कायद्यानं जेवढा वाटा आला असता, त्याच्या निम्म्या किमतीइतके पैसे त्याला मागता येतात. भारतात स्वकष्टार्जित मिळकत कुणालाही देता येते. हे स्वातंत्र्य मोठं आहे, आणि आपल्या घरांमध्ये ते वापरलंच जात नाही. मृत्युपत्राचं नाव काढलं की 'असं अभद्र कशाला बोलतेस' म्हणून विषय बंद होतो.

खरं तर खटाटोप फारसा नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, पुण्यातल्या मिळकतीला प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याची, सक्ती नाही. सही दोन साक्षीदारांसमोर व्हायला हवी आणि त्यांनीही सही करायला हवी, एवढं मात्र चुकवू नये. जर्मनीत स्वतःच्या हातानं लिहून सही केलेलं मृत्युपत्र साक्षीदारांशिवाय चालतं, पण तसा कागद कोथरूडच्या फ्लॅटसाठी उपयोगाचा नाही. आणि सोसायटीत नॉमिनेशन केलंय म्हणून निर्धास्त राहू नये. नॉमिनी म्हणजे वारसांसाठी मिळकत सांभाळणारा, मालक नव्हे.

आता जे मला सगळ्यात जास्त खुपतं ते. दिवसकार्य आटोपलं की बहिणींपुढे हक्कसोडपत्र येतं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क महाराष्ट्रात 1994 मध्ये आला, पण तेव्हा अविवाहित असलेल्यांनाच. देशभर तो 2005 मध्ये सगळ्या मुलींना मिळाला, आणि वडील त्या वेळी हयात असोत वा नसोत, हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. एवढं होऊनही 'माहेर तुटेल' या भीतीनं सही होते. आणि कारण कोणतं सांगतात? ज्यानं केलं त्याला मिळावं! हडपसरला दिलेली मुलगी रोज डबा घेऊन येते, आईला डायलिसिसला नेते, तिच्यापुढे कागद ठेवतात. सिएटलच्या मुलाला कुणी सही मागत नाही. सेवेचा न्याय लावायचा असेल तर तो तिलाही लावा. लग्न होऊन गेली हे कारण सेवेच्या हिशेबात बसत नाही.

कायद्याची आंधळी बाजू बाईच्या मिळकतीत तर फारच दिसते. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या एका स्त्रीला सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी तिला शिकवलं, ती नोकरीला लागली, पैसा साठवला आणि मृत्युपत्र न करता गेली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तो सगळा पैसा तिच्या नवऱ्याच्या भाच्यांना गेला, कारण निपुत्रिक विधवेच्या स्वतःच्या कमाईला हिंदू वारसा कायद्याचं कलम 15 आधी पतीचे वारस दाखवतं. म्हणून बाबांइतकंच आईचंही मृत्युपत्र हवं, मावशीचं आणि आत्याचं तर आधी.

हयातीतच फ्लॅट मुलाच्या नावावर करून टाकावा, असंही पुण्यात बरेच जण सुचवतात. महाराष्ट्रात मुलाला किंवा मुलीला राहतं घर बक्षीसपत्रानं देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये, त्यामुळे मोह होतो. मी कुणालाही हे करू नका असंच सांगेन. करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली ते दान रद्द करून घेताना ती अटच उपयोगी पडते.

आम्हा बाहेरच्यांसाठी एक वेगळी गोष्ट. भारतात 1985 पासून वारसा कर नाही, पण जर्मनीत राहणाऱ्या वारसाला पुण्याचा फ्लॅट मिळाला तर तिथल्या करखात्याला तीन महिन्यांत कळवावं लागतं. आई किंवा वडील, प्रत्येकाकडून 4 लाख युरोपर्यंत मुलाला सूट आहे, त्यापुढे कर. आई-बाबांना हे माहीत असण्याचं कारण नाही, आपण सांगायचं.

आमच्या घरी मी माझं म्हणणं सगळ्यांसमोर मांडलं. मला हिस्सा नको, असं मी म्हटलेलं नाही. हक्क दादाइतकाच माझा आहे, तो मृत्युपत्रात मान्य व्हावा आणि ठेवींमधला वाटा मला मिळावा. फ्लॅट मात्र दादा आणि वहिनी, दोघांच्या नावानं लिहावा. बाबा म्हणाले, "सुनेचं नाव कशाला? दादाचं आहेच की." जर्मन कायद्यातही सुनेला स्वतःचा असा हक्क नाही, ती भरपाई अपत्यालाच मिळते, तेव्हा या बाबतीत मला तिकडचा दाखला देता येत नाही. पण आईचं हाड मोडलं तेव्हा दादा दिवसभर ऑफिसात होता. तिला उठवणं, आंघोळ घालणं, फिजिओथेरपी करून घेणं, सगळं वहिनींनी केलं. आईनं हे बाबांना सांगितलं आहे. वकिलांनी तयार केलेल्या मसुद्यात ती ओळ अजून कोरी आहे, आणि तिथं वहिनींचं नाव यावं यासाठी मी बाबांच्या मागे लागणार आहे.