गाडीला उतार, माणसाने मारायची उडी

आमच्या धक्क्याला सुशोभीकरणाचा निधी आला. चकचकीत फरशा बसल्या, रंगीत दिवे लागले, फोटो काढायला गावाच्या नावाची पुरुषभर उंच अक्षरं उभी राहिली. आणि लाँचमध्ये चढायला? त्याच जुन्या पायऱ्या!

भरतीला एक वेळ ठीक. सुकती लागली की खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. हिरव्यागार, बुळबुळीत, कडेला कालवं चिकटलेली. पाय सरकला की नडगी सोललीच म्हणून समजा. त्यात लाँच वर-खाली होतेय. खलाशी एक पाय टायरवर रोवून हात पुढे करतो आणि ओरडतो, "आजी, लाट आली की टाका पाय!" माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. ती लाट मोजत बसणार? शेवटी दोघं-तिघं बगलेत हात घालून तिला उचलतात, पदर कुठे, चप्पल कुठे, आणि वर उभे पर्यटक मोबाइल रोखून. खलाशांवर राग नाही, पोरं जीव लावून करतात. पण आई आता मुंबईच्या डॉक्टरांकडे यायलाच नको म्हणते. रस्त्याने न्यावं तर मुंबई–गोवा हायवे. त्यावर बोलायला बसलो तर इथेच रात्र होईल.

व्हीलचेअर आहे हो! तिकीटघराच्या मागच्या खोलीत, प्लॅस्टिकसकट. किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो. रॅम्पही आहे, शौचालयाला. रॅम्प संपतो तिथे दारात वीतभर उंबरा.

साहेबांना विचारलं तर भरती-ओहोटीकडे बोट दाखवतात. मान्य, मुंबई-रायगडकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. एकास बारा या प्रमाणात उतार काढला तर चार मीटरला अठ्ठेचाळीस मीटर लांबी लागेल. म्हणूनच तर जगभर तरंगता तराफा ठेवतात आणि त्याला बिजागरीचा पूल जोडतात. पाणी चढलं की तराफा चढतो, लाँचची पातळी सुटत नाही. यात रॉकेट सायन्स काय आहे?

आणि आपल्याकडे जमत नाही असं तर मुळीच सांगू नका. दाभोळ–धोपावे बघा, जयगड–तवसाळ बघा, दिघी–आगरदांडा बघा. जंगलजेटीचं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीचं, तोंड खाली पडतं, किनाऱ्याच्या उतारावर टेकतं आणि आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो सरळ आत. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 पासून गाड्या नेणारी रो-रो बोट जाते, तिच्यात मोटारी ऐटीत चढतात. टेम्पोला कोणी सांगतं का, लाट आली की उडी मार म्हणून? जिथे गाडी न्यायची तिथे उतार झाला. जिथे नुसती माणसं न्यायची तिथे अजून पायऱ्याच.

बरं, ही मेहरबानी मागत नाही आम्ही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत रेल्वे स्थानक, बस थांबा, विमानतळ यांच्या पंगतीत जलमार्गही बसवलेत. जुनी बांधकामं सुधारायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम 2017 ला आले, म्हणजे मुदत 2022 लाच आटोपली. सुप्रीम कोर्टानेही नोव्हेंबर 2024 मध्ये सरकारला बजावलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज ये-जा करता यावी याचे, निकष नुसते शिफारशी म्हणून चालणार नाहीत, सक्तीचे करा. आमच्या धक्क्यापर्यंत यातला एक कागद पोचलेला दिसत नाही.

पावसाळ्यात विचारलं तर "समुद्र खवळलाय, काम कसं होणार?" दिवाळीनंतर विचारलं तर "सीझन आहे, धक्का बंद ठेवता येत नाही." मे महिन्यात "आता पाऊस तोंडावर आला, नारळी पौर्णिमेनंतर बघू." म्हणजे करायचं कधी, अधिक महिन्यात?