‘मग दोन तास कशाला लागले?’ एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

सत्तरी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतोय. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण ज्यानं कारखान्यात स्वतःच्या हातानं काम केलंय त्याचाच हा राग असू शकतो. त्यामुळे दोन ओळींत बोळवण करायला मन होईना.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विमानातल्या बिघाड शोधणाऱ्या यंत्रणेवरचा माझा लेख काकांनी वाचला. त्याच आठवड्यात इंदूरहून पुण्याला जाताना, बोर्डिंग झाल्यावर ते दोन तास विमानात अडकले. ब्लीड एअरच्या, म्हणजे केबिनसाठी इंजिनातून हवा घेणाऱ्या यंत्रणेत बिघाड आहे, असं कॅप्टननं सांगितलं. इंजिनिअर हातात कागदाची पट्टी घेऊन दोनदा वर आला आणि दोनदा खाली गेला. काका पिथमपूरच्या वाहन कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं असं: गाडीला स्कॅनर लावला की कोड येतो, कोडाप्रमाणे पार्ट बदलला की गाडी गेटबाहेर. विमान खरंच आपला बिघाड आपण सांगत असेल तर दोन तास कशाला? म्हणजे एक तर माझा लेख ही कंपन्यांची जाहिरात आहे, नाहीतर आपल्या विमानतळावरच्या पोरांना काम येत नाही. शिवाय नातवाला एएमईच्या, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरच्या कोर्सला घालायचं घरात चाललंय, पण उद्या सगळं संगणकच करणार असेल तर त्याला तिकडे पाठवावं का, असंही त्यांनी विचारलंय.

आधी त्या कागदाच्या पट्टीबद्दल. तिला पोस्ट फ्लाइट रिपोर्ट म्हणतात. एअरबस ए-३२० हे विमान १९८८ मध्ये सेवेत आलं आणि त्यात ही सोय सुरुवातीपासून आहे. त्याआधी बहुतेक यंत्रणांचे डबे, म्हणजे त्यांचे छोटे संगणक, आपापली तपासणी आपापल्या पुरती करायचे. इंजिनिअर इलेक्ट्रॉनिक्सच्या कप्प्यात उतरायचा आणि डब्याडब्यावरचं बटण दाबून दिवे बघायचा. ए-३२० मध्ये या सगळ्या डब्यांचे निरोप एका ठिकाणी येऊ लागले आणि कॉकपिटमधल्या छोट्या पडद्यावर वाचता येऊ लागले. पुढच्याच वर्षी बोइंग ७४७-४०० मध्ये सेंट्रल मेंटेनन्स कॉम्प्युटर आला. हा बदल मोठा होता, आणि त्याबद्दल मी लेखात जे लिहिलं त्यातला शब्दन् शब्द मला आजही मान्य आहे.

त्या पट्टीवर दोन भाग असतात. एका भागात वैमानिकाला उड्डाणात दिसलेल्या सूचना, दुसऱ्यात संगणकांनी नोंदवलेले बिघाड. दोन्हींसमोर वेळ असते आणि यंत्रणेचा क्रमांक असतो: वातानुकूलनाला २१, उड्डाण नियंत्रणाला २७, इंजिनातून येणाऱ्या हवेला ३६. हे क्रमांक जगभर सारखेच. वेळ आणि क्रमांक जुळवत कोणती सूचना कोणत्या बिघाडापोटी आली ते लावायचं. हे लावणं म्हणजेच अर्धं काम.

आता तुमच्या त्या रात्रीचा विषय, ब्लीड एअर. जुन्या ए-३२० चं उदाहरण घेतो, कारण तिथं हा प्रकार नेहमीचा आहे. केबिनमधला हवेचा दाब आणि गारवा यासाठी लागणारी हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून घेतात. ती भयंकर तापलेली असते. प्रीकूलरमधून नेऊन तिचं तापमान साधारण २०० अंशांवर आणतात. प्रीकूलरला थंड हवा पुरवतो फॅन एअर व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवतो एक थर्मोस्टॅट. आणि थर्मोस्टॅटकडून व्हॉल्व्हकडे हुकूम जातो तो तारेतून नाही, तर एका बारीक नळीतून, हवेच्या दाबानं. तिला सेन्स लाइन म्हणतात.

समजा ही नळी जोडाजवळ जराशी झिरपतेय. दाब कमी पोचतो, व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही, हवा तापते. देखरेख करणाऱ्या संगणकाला यातलं काय दिसतं? फक्त तापमान. त्या नळीवर त्याचा एकही सेन्सर नाही. ती झिरपतेय हे त्याला कळायला मार्गच नाही. म्हणून तो ब्लीड बंद करतो, वैमानिकाला सूचना देतो आणि पट्टीवर एकाच ओळीत तीन नावं छापतो: थर्मोस्टॅट किंवा फॅन एअर व्हॉल्व्ह किंवा सेन्स लाइन. इथपर्यंत संगणकानं आपलं काम चोख केलेलं असतं. पुढचं माणसाचं. इंजिन निवू द्यायचं, आवरण उघडायचं, नळीला दाब देऊन गळती बघायची, व्हॉल्व्ह तपासायचा, आणि मगच ठरवायचं की यातलं काय बदलायचं.

गाडीच्या स्कॅनरचंही असंच असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला आणि गळती सायलेन्सरच्या जोडातच निघाली, असं कोणत्या गॅरेजात होत नाही? फरक एवढाच की गाडी पुन्हा बंद पडली तर माणूस ती रस्त्याच्या कडेला लावतो.

दुसरी गोष्ट इंदूरची. आपल्या बिजासनच्या विमानतळासारख्या ठिकाणी दिल्ली-मुंबईसारखं भरलेलं स्टोअर नसतं. पार्ट हाताशी नसेल तर इंजिनिअर मिनिमम इक्विपमेंट लिस्ट उघडतो. कोणती वस्तू बंद असताना, कोणत्या अटींवर, किती दिवस उडता येतं हे त्यात लिहिलेलं असतं. ब्लीडच्या बाबतीत व्हॉल्व्ह बंद स्थितीत ठेवायचा, कॅप्टनला अटी समजावायच्या, लॉगबुकात नोंद करायची आणि खाली लायसन्स क्रमांकासह सही करायची, असा हा क्रम असतो. तुम्ही पाहिलेल्या त्या वर-खाली फेऱ्या बहुधा याच कामाच्या. पट्टी वाचून झटक्यात डबा बदलणारा इंजिनिअर मला तुमच्या विमानाला हात लावायला नको आहे. दोन तास लावणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवीन.

यावर तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं, आता तर विमान आकाशातूनच सगळं कळवतं. कळवतं, हे खरंच. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान १ जून २००९ च्या पहाटे अटलांटिकवर कोसळलं. शेवटच्या काही मिनिटांत त्यानं देखभालीचे २४ संदेश आपोआप पाठवले होते. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांमध्ये मेळ नाही हे त्यातून लगेच कळलं. पण कॉकपिटमध्ये काय घडलं आणि विमान का पडलं, हे २०११ मध्ये समुद्राच्या तळातून रेकॉर्डर वर आणल्यावरच समजलं. त्या २४ पैकी बरेचसे संदेश एकाच मूळ कारणाचे परिणाम होते.

पण मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच अपघाताची, आणि तुमच्या मुद्द्याला तोच थेट भिडतो. २८ डिसेंबर २०१४, एअरएशिया इंडोनेशियाचं ए-३२०, सुराबायाहून सिंगापूरला. १६२ माणसं गेली. सुरुवात झाली ती रडरची, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूची हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रणेच्या सूचनेपासून. तिच्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर एका सोल्डरच्या जोडाला तडा गेला होता. बोटाच्या पेरावर मावेल एवढा जोड. जमिनीवरची उष्णता, आकाशातली थंडी, हे चक्र सोसून सोसून गेलेला तडा.

आधीच्या १२ महिन्यांत हा बिघाड २३ वेळा नोंदवला गेला होता, आणि शेवटच्या तीन महिन्यांत तो अधिकाधिक लवकर परतत होता. यंत्रणा गप्प नव्हती, ती दर वेळी सांगत होती. पण जमिनीवर काय व्हायचं? संगणक रीसेट करायचे, त्याची स्वतःची तपासणी चालवायची, निकाल ठीक यायचा, विमान सुटायचं. तडा जमिनीवर जुळलेला असेल तर तपासणीत तो सापडणार कसा? त्या दिवशी सूचना चौथ्यांदा आली तेव्हा वैमानिकांनी हवेतच सर्किट ब्रेकर ओढून संगणक रीसेट केले, ऑटोपायलट सुटला आणि पुढे विमान सावरता आलं नाही. सावरता न येण्याची कारणं वेगळी आहेत, ती मी इथं उगाळत नाही. पण इंडोनेशियाच्या तपास अहवालात देखभालीबद्दल स्पष्ट लिहिलंय की पोस्ट फ्लाइट रिपोर्टचा पुरेसा उपयोग झाला नाही आणि पुन्हा पुन्हा येणारा बिघाड सुटलाच नाही.

म्हणून मला मनापासून वाटतं की ‘तपासणी ठीक’ ही नोंद लॉगबुकात एकटी कधीच असू नये. मागच्या आठवड्यात हेच आलं होतं का, कोणत्या उंचीवर आलं, तेव्हा काय बदललं, हे बघितल्याशिवाय पान उलटू नये. ए-३२० मध्ये बिघाडांच्या तीन पायऱ्या आहेत: पहिल्या पायरीचा बिघाड वैमानिकाला लगेच दिसतो, दुसरीचा इंजिन बंद केल्यावर, तिसरीचा कधीच दिसत नाही, तो फक्त इंजिनिअरसाठी. या खालच्या पायऱ्या बघायलाही कुणीतरी वेळ द्यावा लागतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये मिळणाऱ्या अर्ध्या तासात तो मिळत नाही. इथं तुमचा राग रास्त आहे, काका. फक्त तो त्या पट्टीवाल्या पोरावर न काढता, त्याला किती वेळ आणि किती सुटे भाग दिले जातात यावर काढा. प्रवाशांनी हा प्रश्न विचारला तर मला आनंदच होईल.

आता नातू. त्याला भौतिकशास्त्रात रस असेल, तारा-बोर्ड उघडून बघायची खोड असेल, तर जरूर घाला. संगणक जितके वाढतील तितके त्यांचे निरोप वाढतील आणि ते पडताळणारी माणसंही लागतील. विशेषतः बी-२ प्रकारचं लायसन्स, म्हणजे एव्हिऑनिक्सची, विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सची बाजू. इंजिन आणि सांगाड्याकडे ओढा असेल तर बी-१. बारावीला भौतिक, रसायन, गणित हवं. संस्था निवडताना इमारत आणि जाहिरात बघू नका, तिला डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) सीएआर-१४७ या प्रशिक्षण संस्थांच्या नियमाखाली मान्यता आहे का ते डीजीसीएच्या यादीत स्वतः तपासा, आणि प्रात्यक्षिक कोणत्या विमानावर, कुठल्या हँगरमध्ये होतं ते लेखी मागा. कोर्स संपला म्हणजे लायसन्स मिळालं असं नसतं. डीजीसीएच्या मॉड्यूलवार परीक्षा वेगळ्या आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव वेगळा. त्यात काही वर्षं जातात, घरच्यांनी तेवढा धीर धरायला हवा.

तो रामबागेत शिकवणीला येतो असं तुम्ही लिहिलंय. माझं घर तिथून जवळच आहे. सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन या. वर सांगितलेल्या ब्लीडच्या यंत्रणेची आकृती काढून देतो आणि संगणकाला त्यातलं कुठवर दिसतं ते त्यालाच शोधायला लावतो.