जेलचं डिझाइन आणि आपला टॅक्स

रामबागेत चहाला बसलं की हल्ली कोणीतरी जेलचा विषय काढतंच आणि माझं डोकं फिरतं. एक काका म्हणतात गोल बिल्डिंग बांधा, मधे टॉवर, एकच शिपाई सगळ्यांवर नजर ठेवेल, पैसे वाचतील. अहो काका, बेंथम नावाच्या इंग्रज विचारवंताने हेच १७९१ साली मांडलं होतं, ते बांधलं तर गेलं नाहीच, उलट शेवटी सरकारलाच त्याला २३,००० पौंड भरपाई द्यावी लागली! दुसरे म्हणतात प्रत्येकाला वेगळी कोठडी द्या, माणूस सुधारेल. फिलाडेल्फियात १८२९ ला तसलं जेल उघडलं, तेव्हाच्या अमेरिकेतल्या सगळ्यात महागड्या इमारतींपैकी एक, आणि पुढे गर्दी झाली तशी एकेका कोठडीत दोघंदोघं कोंबली. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न जेलचं मॉडेल स्वस्त पडलं म्हणून बाकी राज्यांनी ते उचललं, पण तिथे बोलायला बंदी नि वर चाबूक, ते कोण मोजणार?

आणि नुसता बांधकामाचा आकडा काय घेऊन बसता, पगार, जेवण, औषधं, कोर्टात ने-आण, हे दरवर्षी द्यावंच लागतं ना! २०२२ च्या सरकारी आकडेवारीत आपल्याकडचे १०० पैकी ७५ कैदी अंडरट्रायल होते, म्हणजे गुन्हा सिद्धच झालेला नाही. त्यांच्या केसेस आधी चालवा, जामिनाला पैसे नाहीत म्हणून अडकलेत त्यांना सोडवा, मग ठरवा बिल्डिंग गोल हवी की चौकोनी.