आगीने पूल मेला नव्हता

न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीवरच्या पकिप्सीच्या रेल्वेपुलावरचा तुमचा लेख छान, पण तो पूल ‘१९७४ च्या आगीत निकामी झाला’ हे वाक्य खटकलं. जळाले ते मुख्यतः रुळांखालचे लाकडी स्लीपर. लाकूड किडू नये म्हणून त्यांना डांबरी तेल मुरवलेलं असतं, मग एक ठिणगी पुरते. खालचा पोलादी सांगाडा बहुतांश शाबूतच होता, म्हणून तर २००९ मध्ये त्याच्यावरच काँक्रीटच्या तयार लाद्या टाकून पायवाट करता आली.

खरं दुखणं पैशाचं होतं. मालक पेन सेंट्रल या रेल्वे कंपनीचं १९७० मध्येच दिवाळं वाजलेलं, मालगाड्या उत्तरेकडच्या मार्गाने वळवता येत होत्या. दुरुस्ती करणार कोण? १९८४ मध्ये तर हे धूड अवघ्या एका डॉलरला विकलं गेलं! नंतर एका स्वयंसेवी संस्थेने ते ताब्यात घेतलं.

आणि मजबुतीचं श्रेय फक्त १८८९ च्या मूळ बांधकामाला देऊ नका. इंजिनं जड होत गेली, तेव्हा राल्फ मॉजेस्की या अभियंत्याच्या आराखड्यानुसार १९०७ च्या सुमारास पुलाचा भार पेलणाऱ्या दोन कैच्यांच्या, म्हणजे पोलादी जाळीदार चौकटींच्या, मधोमध तिसरी कैची बसवली. पुलाचा माथा पाण्यापासून २१२ फुटांवर! वरून चालताना ही तिसरी कैची दिसत नाही. काठावर उतरून, पुलाखाली उभं राहून मान वर केली की लोखंडाचं ते दाट जाळं दिसतं. लेखात त्या बाजूचा एखादा फोटो हवा होता.